दाजींनी न वाचलेली ओळ

दाजींचा मला अजून राग येतो. माणूस जाऊन तीन वर्षं झाली. गेलेल्यावर राग धरू नये म्हणतात. म्हणोत बापडे, म्हणायला त्यांचं काय जातं? मी दाजींची शेजारीण यशोदा. माझ्या खळ्यातून, म्हणजे अंगणातून, त्यांच्या खळ्यात बारा पावलं. लग्न होऊन या वाडीत आले त्या दिवसापासून त्यांच्या घरचं ताक प्याले, त्यांच्या बायकोच्या, तुळसाच्या, गळ्यात पडून रडले नि हसले. तेव्हा मला रागावायचा हक्क आहे, आणि त्यांच्याविषयी चार बऱ्या गोष्टी सांगायचाही. दोन्ही करणार आहे. ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं.

दाजी टपालाचे रनर होते. मसुऱ्याकडची थैली पाठीवर टाकून मालवणला चालत न्यायची आणि तिकडची घेऊन परत यायचं, हे त्यांनी सत्तावीस वर्षं केलं. व्हाळाला लोंढा आला तर थैली डोक्यावर घेऊन छातीभर पाण्यात उतरायचे. स्वतः कितीदा भिजले त्याला सुमार नाही, थैली एकदाही भिजली नाही. त्रेपन्न साली नोकरीतून मोकळे झाले आणि पायांना काम उरलं नाही. तो सगळा जोर मग तोंडात आला.

मुंबईचा पेपर त्यांनी स्वतःच्या नावानं लावला होता. उन्हाळ्यात आगबोटीनं दोन दिवसांनी यायचा, पावसात बोटी बंद झाल्या की घाटावरून फिरून चार-पाच दिवसांनी. त्यात दाजींना राजकारण नको, खून-दरोडे नकोत. कुठल्या देशात कुठल्या रोगावर शोध लागला, कुठली गोळी निघाली, कशानं काय होतं, तेवढंच हवं. दुपारची जेवणं उरकली की त्यांच्या ओटीवर आम्ही आठ-दहा माणसं जमत असू. बायका तांदूळ निवडायला घेऊन, बापये सुपारी कातरत. दाजी चष्मा चढवायचे, लाल पेन्सिलीनं खूण केलेला मजकूर काढायचे आणि घसा साफ करून म्हणायचे, "आयका. शास्त्रज्ञ काय म्हणतत."

आणि आम्ही ऐकायचो. विडीनं फुप्फुसात कॅन्सर होतो हे आम्हाला दाजींनी सांगितलं. त्या दिवशी चार बापयांनी आपल्या विड्या व्हाळात टाकल्या, संध्याकाळी दुसऱ्या आणल्या ती गोष्ट वेगळी. क्षयावर सुया निघाल्या, पोरांचे पाय लुळे पाडणाऱ्या रोगावर अमेरिकेत लस निघाली, सगळं आमच्या वाडीत त्या ओटीवरून आलं. डॉक्टर मालवणला, दाजी शेजारी. कुणाला काही झालं की माणसं आधी दाजींच्या पायरीवर येऊन बसायची. दाजींना ते गोड लागायचं. का लागू नये? सत्तावीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाहिली, उघडून वाचायची मात्र एकही नाही. आता वाचायला मिळत होतं.

पण ह्या माणसाला एक खोड होती, ती तेव्हा आमच्या कुणाच्याच ध्यानात आली नाही. पेपरवाले जपून लिहितात. अमुक औषधानं गुण येतो असं वर लिहितात आणि खाली लिहितात की अजून पुरतं सिद्ध झालेलं नाही, किंवा अमक्यानं घेऊ नये. दाजींना हे खालचं आवडत नसे. चांगली बातमी ऐकताना माणसाचा चेहरा फुलतो, तो बघायचा त्यांना नाद लागला होता. म्हणून खालचं ते गाळायचे. नैवेद्याच्या पानावर करपलेला वडा कुणी वाढत नाही, तसं. त्यांनी गाळलेली एक ओळ त्यांच्याच आनंदीच्या जिवावर बेतली.

आनंदी त्यांची एकुलती लेक. तिच्या पाठचा मुलगा चार वर्षांचा होऊन थंडीतापानं गेला, तेव्हापासून ताप म्हटलं की दाजींचा चेहरा उतरायचा. आनंदी दिली होती शिरोड्याला. जावई शाळामास्तर, माणूस सोन्यासारखा. पण सात वर्षांत तिची दोन बाळंतपणं अर्ध्यावर मोडली होती. छप्पन साली तिसऱ्यांदा दिवस राहिले, पाचवा महिना सुखरूप गेला, सहावा गेला, आणि सातव्यात, श्रावणात, जावयांनी तिला माहेरी आणून पोचवली. तुळसाचे पाय जमिनीला लागत नव्हते. "यशोदे, ह्या फेरेक पोर हातात घेतलंय काय डोळे मिटूक मोकळी," म्हणायची. मी म्हणायची, "शिरा पडो तुझ्या तोंडार, डोळे कसले मिटतंस? पोराची लंगोटी कोण धुतलो?" असं आमचं चालायचं.

आता हा थंडीताप. आमची वाडी डोंगराच्या पायथ्याशी, मधून व्हाळ वाहतो. पावसाचा जोर ओसरला, व्हाळाचं पाणी दगडांत साचून राहिलं की ताप घर हुडकत यायचा. भादव्यात चार अंथरुणं, आश्विनात दहा. हिव भरलं की माणूस तीन घोंगड्यांखाली लटलट कापायचा. पानथरी वाढून पोरांची पोटं फुगायची. कुणी उठायचं, कुणी उठायचं नाही. पोटुशी बाई तापानं धरली तर जाणत्या बायका आधीच गप्प व्हायच्या.

अशात त्या श्रावणात पेपरात आलं की सरकारनं भिंतींवर मारायचं औषध काढलंय, डी.डी.टी. म्हणून, आणि ते आपल्या बाजूला यायचं आहे. दाजींचा आवाज त्या दिवशी कापत होता. त्यांनी वाचून दाखवलं की ताप हवेनं येत नाही, पाण्यानं येत नाही, भुतानं तर नाहीच, डासानं येतो. डास माणसाचं रक्त पितो, पिऊन जड होतो, मग त्याला लांब उडवत नाही म्हणून जवळच्याच भिंतीवर विसावतो. त्या भिंतीवर औषध असलं की ते त्याच्या पायाला लागतं आणि तो मरतो. औषध एकदा मारलं की दोन-अडीच महिने भिंतीवर जिवंत राहतं.

"म्हणजे दसऱ्यापर्यंत बघूक नको," दाजी म्हणाले, आणि पेपरची घडी घातली.

खाली एक ओळ होती. ती आम्हाला पुढच्या वर्षी कळली, पण तुम्हाला आत्ताच सांगते, कारण मला ती मनात ठेवून पुढचं सांगवत नाही. त्या मुदतीत भिंतीला शेण, माती किंवा चुना लावला तर औषध त्याखाली झाकलं जातं आणि त्याचा काही उपयोग होत नाही, असं पाहणीत दिसून आलं आहे. एवढीच ओळ. तिच्या खाली लाल पेन्सिलीची रेघही होती.

ती त्यांनी का गाळली ते मला ठाऊक आहे, कारण त्यातलं एक कारण मीच. औषध मारायला टोळी येणार म्हटल्यावर सगळ्यांत मोठ्यानं बोंब मीच मारली होती. वास येतो म्हणे, मांजरं मरतात म्हणे, भिंतींवर पांढरे डाग पडतात म्हणे. माझ्या माजघरात परका बापयो पंप घेऊन शिरणार? दाजींनी आठ दिवस माझी समजूत घातली. तेव्हा जर त्यांनी सांगितलं असतं की शिवाय दसऱ्यापर्यंत भिंतीला हात लावायचा नाही, तर मी दाराला आडणा घालून बसले असते, आणि माझ्यामागे सगळी वाडी. कारण मध्ये चवथ होती. गणपती घरात यायचे आणि भिंती न सारवता, न रंगवता? आमच्याकडे घरात एक वेळ तांदूळ नसला तरी चालेल, चवथीला तांबड्या मातीनं भिंत सारवायची, वर चुन्याची बोटं काढायची, आणि गणपतीच्या मागची भिंत तर चितारायचीच. ते आमच्या हाडात आहे. दाजींना वाटलं, आधी औषध भिंतीवर चढू दे, मग सवडीनं सांगू.

टोळी आली. चार माणसं, पाठीवर पंप, आणि एक मुकादम. मुकादम सगळ्यांना जमवून बोलणारच होता. दाजी पुढं होऊन त्याच्याशी शुद्ध मराठीत बोलले, "आपण काळजी करू नका. लोकांना सर्व सूचना मी देईन. इथे माझं ऐकतात." मुकादमाला अजून सहा वाड्या करायच्या होत्या. त्यानं हात जोडले. दुपारपर्यंत प्रत्येक घर फवारून झालं, आनंदीची खोलीसुद्धा. ती माजघरामागची काळोखी खोली, तुळसाच्या घरातली बाळंतपणं तिथेच व्हायची. दाजींनी तिथं उभं राहून दोनदा मारून घेतलं.

काय सांगू, त्या रात्री आम्ही झोपलो! आयुष्यात पहिल्यांदा कानाशी गुणगुण नव्हती. सकाळी भिंतीच्या कडेला डास पडलेले. माझी सून विमला ते केरसुणीनं गोळा करून मला दाखवायला आली. मी आपण होऊन दाजींच्या खळ्यात गेले आणि म्हटलं, "दाजीनु, चुकलंय माझा. तुमचा औषध सोन्यासारखा आसा." दाजी हसले. पण हसू पुरतं नव्हतं, हे मला आत्ता आठवतं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, नि म्हणाले, "बस गो, पान खा."

त्यानंतरचे वीस दिवस त्या माणसानं कसे काढले असतील देव जाणे. रोज ठरवत असणार, आज सांगतो. पण वाडीतली माणसं येऊन पाया पडत होती हो! ज्यांच्या घरी दर वर्षी भादव्यात अंथरूण पडायचं, त्यांची पोरं खळ्यात नाचत होती. अशा माणसांना कोण सांगणार की मी तुम्हाला अर्धंच वाचून दाखवलं?

चवथ चार दिवसांवर आली. मी टोपलीभर तांबडी माती घेऊन तुळसाकडे गेले. दर वर्षी तिच्या भिंती मी नि ती मिळून सारवायचो, मग माझ्या. दाजी ओटीवर होते. माती बघून उभे राहिले.

"औंदा रवांदे गो भिंती," ते तुळसाला म्हणाले.

"रवांदे?" तुळसा कमरेवर हात ठेवून वळली. "सात वर्सांनी माझा चेडू भरल्या पोटान गणपतीक घरात आसा, आणि भिंतीक असा कोड फुटल्यासारखा? तुमका काय झालाहा काय?"

"बरा, माजघर कर. ती मागची खोली तरी रवांदे. ओल धरता. पोटुश्या बायकेक सर्दी जायत."

"आगटी ठेवतंय, दोन दिवसांत सुकता. बाळंतिणीची खोली शेणान सारवल्याबगर पोर थयसर येतला खंय? मी माझ्या आवशीक असाच बघलंय, तुमच्या आवशीनय असाच केल्यान."

त्यावर त्यांनी एक शब्द काढायचा होता. एकच वाक्य होतं. दाजी खोलीच्या दारात उभे राहिले, दोन्ही हात चौकटीला लावून. आत तुळसा नि मी गुडघ्यांवर बसून शेण-माती कालवत होतो. आनंदी बाहेर पायरीवर बसून आम्हाला हसत होती, म्हणत होती, "आये, कोपऱ्यात ऱ्हवला बघ." तुळसानं कोपऱ्यात हात फिरवला. पांढरे डाग एकेक करून झाकत गेले. दाजींनी चष्मा काढला, धोतराला पुसला, परत घातला. मी त्यांना चिडवलं सुद्धा, "दाजीनु, काय परीक्षा घेतास? आमका सारवूक येता!"  भिंत पुरी होईपर्यंत दाजी तिथेच होते.

पुढच्या चार दिवसांत सगळी वाडी तांबडी लाल झाली. घराघरात गणपतीवरच्या माटीच्या चौकटीला हरणं-कांगलं ही रानातली फुलं-फळं बांधली, आरत्या घुमल्या, आनंदीनं गणपतीपुढे बसून मोदक वळले. पाचव्या दिवशी गणपती व्हाळावर पोचवून परत आलो. दिवे लागायच्या सुमाराला मी खळ्यात उभी होते, तेव्हा कानाशी आवाज आला. बारीक. मी हात हलवला. परत आला.

दाजी दुसऱ्या दिवशी पहाटेच मालवणला चालत गेले आणि मच्छरदाणी घेऊन आले. आमच्या वाडीत तोवर कुणी मच्छरदाणी पाहिली नव्हती. तुळसा हसून लोळली, "अगो बाई, राणीसरकारांक पडदो!" दाजींनी स्वतःच्या हातानं खिळे मारून ती बांधली. मग संध्याकाळ झाली की करंजाचा पाला जाळून घरभर धूर करायचे, इतका की आनंदी खोकून बेजार व्हायची. पण बाळंतपणाची ती खोली, वर कौलांचा उबारा, पोटाचा भार. ती गुदमरायची. दाजींचा डोळा लागला की पडदा वर करून टाकायची. तिला तरी कुठे काय ठाऊक होतं?

पितृपक्ष लागला. पहिलं अंथरूण व्हाळापलीकडच्या घरात पडलं, दुसरं देवळाजवळ. अविधवा नवमीला तुळसाकडे तिच्या सासूचं पान होतं. मी स्वयंपाकाला गेले होते. आनंदी भाजी चिरायला बसली आणि एकदम म्हणाली, "काकी, माका थंडी वाजता." बाहेर ऊन रणरणत होतं. मी तिच्या हाताला हात लावला नि तुळसाला हाक मारली. तुळसाच्या हातातली पळी खाली पडली. दाजी पान मांडत होते, ते तसेच उठले, अंगात सदरासुद्धा न घालता मालवणची वाट धरली.

डॉक्टर आले, सुई दिली, गोळ्या दिल्या. ताप उतरला, आम्ही देवाला नारळ बोललो, आणि तिसऱ्या दिवशी तो असा चढला की ती आईला ओळखेना. खाडीतून होडीनं मालवणला न्यायचं ठरलं, पण वल्ह्याला माणसं जमेपर्यंत तिला झटके यायला लागले. पोटातलं मूल आदल्या दिवसापासूनच हललं नव्हतं. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी, तिन्हीसांजेला, त्या नव्यानं सारवलेल्या खोलीत आनंदी गेली. बाळ तिच्या पोटातच.

त्यावर मला जास्त बोलवत नाही. तुळसा रडली नाही. ती भिंतीला टेकून बसली होती आणि परत परत एकच विचारत होती, "माझा काय चुकला गो? काय करूचा ऱ्हवला?" दाजी तिथेच होते. त्यांनी ते ऐकलं. प्रत्येक वेळी ऐकलं.

त्या आश्विनात वाडीत आणखी तीन माणसं गेली. मग लोक कुजबुजायला लागले. औषध मारलं आणि मरणं वाढली. ज्यानं औषध आणलं त्याच्याच घरात पोटुशी बाई गेली, याहून देवानं आणखी काय दाखवायचं? कुणी म्हणे वाडीचा राखणदार देवचार कोपला, कुणी म्हणे त्या औषधातच विष. आनंदी तिन्हीसांजेची व्हाळावर दिसते असंही बोलायला लागले, मेल्यांना लाज नाही! दाजींच्या ओटीवर आता कुणी बसत नव्हतं. पेपर यायचा, दाजी घ्यायचे, घडी न मोडता बाजूला ठेवायचे.

दुसऱ्या वर्षी, सत्तावन्नच्या जेठात, तीच टोळी परत आली. या वेळी माझ्या घरात विमला चार महिन्यांची पोटुशी होती. मी निघाले तरातरा देवळात, सगळी वाडी जमवली. सभामंडपात बापये एका अंगाला, बायका एका अंगाला, मुकादम पायरीवर उभा. मी सगळ्यांदेखत ओरडले, "आनंदीच्या खोलयेत दोनदा औषध मारल्यानी होता! दोनदा! गेली मा ती? माझ्या सुनेच्या खोलयेत मी ह्या पाणी शिंपडूक देवचंय नाय!" सगळ्यांनी होय होय केलं. मानकरी म्हणाले, कौल लावायचीसुद्धा गरज नाही, टोळी परत जाऊ दे.

तेव्हा दाजी उठले. एका वर्षात त्यांचं निम्मं शरीर उरलं होतं. खिशातून पेपरचं कात्रण काढलं, पण वाचलं नाही, तोंडपाठ होतं. ती ओळ म्हणून दाखवली. मग म्हणाले, "ह्या पेपरात होता. मी तां वाचूक नाय. तुमी औषध मारूक देवचास नाय म्हणान गाळलंय. मुकादमांकय मीच गप केलंय. औषध खोटा नाय. भिंती सारवल्यावर ता मातयेखाली गेला."

 मला पहिल्यांदा एवढंच कळलं की ज्या तीन घरांत माणसं गेली त्या घरांतले बापये उठून उभे राहिलेत. मग दुसरं कळलं, आणि मी तुळसाकडे बघितलं. तिला माझ्याआधीच कळलं होतं. ती आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघत होती.

दाजींना हे सगळं ठाऊक होतं. बोललो तर तुळसाला कळणार की आनंदीच्या भिंतीवरचं औषध तिनं स्वतःच्या हातानं झाकलं. म्हणून माणूस नऊ महिने मूग गिळून बसला होता, हे ते मला पुढे एकदा म्हणाले. मला ते निम्मं खरं वाटतं. निम्मी त्यांची स्वतःची भीती होती. पण गप्प बसले असते तर विमला उघड्यावर पडली असती, तेव्हा बोलले. याचे उपकार मी मानते आणि तरी मला त्यांचा राग येतो.

तुळसा उठून त्यांच्यासमोर गेली. आवाज चढवला नाही.

"मी सारवी होतंय तेव्हा तुमी दारात होतास. तेव्हा तुमका ठावक होता?"

"होय," दाजी म्हणाले.

तिनं मान हलवली. मग पायरीवरच्या मुकादमाला म्हणाली, "चला. माझ्या घराकडसून सुरवात करा." त्याला घेऊन ती पुढे चालायला लागली, आणि आम्ही सगळे मागून गेलो.

श्रावणात टोळी दुसऱ्यांदा फवारून गेली, आणि त्या चवथीला आमच्या वाडीत एकाही घराची भिंत रंगली नाही. पांढऱ्या डागांपुढेच गणपती बसले. ताप त्या वर्षी एका घरात आला, तोही परगावाहून आलेल्या माणसाला. नंतरच्या वर्षी तर कुणी तापाचं नावही काढलं नाही. दाजी पुढे नऊ वर्षं जगले. तुळसानं त्यांना दोन वेळा जेवायला वाढलं, आजारात उशाशी बसली, औषधपाणी केलं. लागेल तेवढं बोलायची, त्याहून एक शब्द जास्त नाही. दाजी अधूनमधून ओटीवर पेपर वाचायचे, आता सगळा, शेवटच्या ओळीपर्यंत. ऐकायला बहुधा मीच असायची.

विमलाला दिवाळीनंतर मुलगा झाला. बारशाला तुळसा आली, नवं लुगडं नेसून, पोरासाठी टोपडं शिवून. मी बाळ उचललं नि तिच्या पुढ्यात धरलं. तिनं हात पदराखाली घेतले.

"नको गो यशोदे. ह्या हातांत नको देव."

मला रडू फुटलं. "अगो, असा काय बोलतंस? मग मी कसा घेव? तुझ्या वांगडा माझेय हात होते त्या शेणात. माझेय तेच हात आसत मगे!"

तुळसानं बाळाकडे बघितलं. मग म्हणाली, "तुका सांगणारा कोण नव्हता, यशोदे. माझो सांगणारो दारात उभो होतो."